पिवळ्या दिव्याचे तीन महिने

आमची गाडी २०१० सालची. पेट्रोल हॅचबॅक, एमएच १९. नोंदणी १४ जुलै २०१० ची, म्हणजे २०२५ च्या १३ जुलैला तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी जे निघालं त्यात कंपनीचा दोष नव्हता. गाडी रोज लागते ती आईसाठी. तिचे दोन्ही गुडघे गेलेत, एसटीची पायरी तिला चढवत नाही आणि रिक्षात बसताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं. या गाडीची सीट तिच्या उंचीला बरोबर बसते. त्यामुळे 'जुनी झाली, काढून टाका' हा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला तरी तो आमच्या उपयोगाचा नव्हता.

मी जळगावात शिक्षिका आहे. मिस्टर नंदुरबारला नोकरीला, शनिवार-रविवारी घरी. गाडीचं बहुतेक मीच बघते. पण बघते म्हणजे पेट्रोल, हवा, सर्व्हिसिंग, विमा. बॉनेटखाली काय असतं ते मार्चपर्यंत मला माहीत नव्हतं.

धूळवडीच्या दुसऱ्या दिवशी, १५ मार्चला, आईला संभाजीनगरला डॉक्टरकडे नेत होते. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट लागला. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्यामुळे दुसऱ्या-पहिल्या गिअरमध्ये चढत होतो. एका वळणावर गाडीनं दोन-तीन झटके दिले, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढेना, आणि मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. घाट कसाबसा चढले, वर सपाटीला गाडी थांबवली, किल्ली बंद केली. पाच मिनिटांनी लावली तर गाडी छान चालली, पण दिवा तसाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जळगावला परत येईपर्यंत पुन्हा काही झालं नाही. तीन दिवसांनी दिवाही आपोआप गेला.

दिवा गेला म्हणून मीही सोडून दिलं. ही माझी पहिली चूक. दिवा विझला तरी गाडीतल्या संगणकात बिघाडाची नोंद राहते आणि ती नोंद सगळ्यात कामाची असते, हे मला तेव्हा कोणी सांगितलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये तेच पुन्हा, दोनदा. एकदा आकाशवाणी चौकात सिग्नलवरून निघताना, एकदा शाळेच्या फाटकातल्या चढावर. दोन्ही वेळा भर दुपार, एसी चालू, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. माझ्या मनानं घेतलं की हे उन्हाचं आहे. गाडी निंबाच्या सावलीत लावायला लागले, दुपारी एसी बंद ठेवून घामानं निथळत घरी यायला लागले. शेजारच्या काकांनी सांगितलं की उंदरांनी वायर खाल्ली असेल, तर बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेवल्या. काहीही फरक पडला नाही.

१७ एप्रिलला नेहमीच्या गॅरेजला गेले. तिथल्या भाऊंनी स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला छोटं यंत्र लावलं आणि सांगितलं, "ताई, मॅप सेन्सर गेला." गाडीच्या संगणकानं नोंदलेला बिघाडाचा कोड होता पी ०१०७. मॅप म्हणजे नकाशा नव्हे. इंजिनात हवा जाते त्या नळीतला दाब मोजणारा सेन्सर, मॅनिफोल्ड प्रेशर. त्या दाबावरून किती पेट्रोल सोडायचं ते संगणक ठरवतो. मी मान डोलावली. सेन्सर २,८५० आणि मजुरी ३५०, एकूण ३,२०० रुपये. जुना सेन्सर मागून घेतला, तेवढं बरं केलं. (कोणताही भाग बदलला की जुना मागून घ्यावा. माझा जुना सेन्सर चांगला होता हे पुढे कळलं. आता तो डब्यात स्पेअर म्हणून आहे.)

बारा दिवस गाडी उत्तम. मला वाटलं संपलं.

३० एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बहीण पारोळ्याला दिलेली, तिला आणि तिच्या दोन मुलांना आणायला सकाळी सहालाच निघाले, ऊन व्हायच्या आत परतायचं म्हणून. जाताना काही नाही. येताना गाडीत पाच माणसं, मागे सामान, बहिणीनं घेतलेली आंब्यांची पेटी. एरंडोलजवळ चहाला थांबलो, निघताना गाडी रस्त्यावर घ्यायला पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि झटका. गाडी बंदच पडली, अर्धी हायवेवर. मागून कंटेनर येत होता. त्यानं बाजू काढून घेतली म्हणून बरं. मुलं रडायला लागली. मी हॅझर्ड लावून, मुलांना उतरवून, बहिणीच्या मदतीनं गाडी ढकलून कडेला घेतली. हात इतके थरथरत होते की किल्ली फिरवता येईना. सकाळचे साडेआठ वाजले होते, एसी बंद होता, ऊन काही नव्हतं.

घरी येऊन पुरणपोळी-आमरसाच्या गडबडीत मी गप्प होते. उन्हाचा अंदाज चुकला होता, ३,२०० रुपये गेले होते आणि आपल्याला काहीच कळत नाही ही भावना फार वाईट होती.

२ मेपासून शाळेला सुट्टी लागली. ५ मेला गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. स्कॅनिंग ५०० अधिक जीएसटी, ५९० रुपये. गाडी चार दिवस ठेवून घेतली. त्या चार दिवसांत त्यांच्याकडे ती एकदाही बंद पडली नाही. काउंटरवरच्या मुलानं आधी विचारलं, "साहेब नाही आले का?" नंतर सांगितलं की दोन कोड आहेत, पी ०१०७ आणि पी ०१२२. दुसरा थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणाऱ्या सेन्सरचा. मॅप नवीन असूनही कोड येतोय, म्हणजे बहुधा संगणकच, ईसीएम, खराब. ईसीएम आणि त्याचं प्रोग्रॅमिंग मिळून २८,००० रुपयांचं एस्टिमेट. गाडीची किंमतच आता लाखाच्या आत असेल.

मी म्हटलं, विचार करून सांगते, पण मला कोडचा कागद छापून द्या. तो कागद दिला हे त्यांचे उपकार, कारण पुढचं सगळं त्या कागदावरून सुरू झालं. त्यावर कोडखाली 'फ्रीज फ्रेम' म्हणून एक चौकोन होता. कोड नोंदला गेला त्या क्षणी गाडी काय करत होती, त्याची नोंद: इंजिन १,८७० आरपीएम, वेग ताशी ९ किलोमीटर, पाणी ९१ डिग्री, लोड ८४ टक्के. मी तो चौकोन रात्री पुन्हा पुन्हा वाचला. ताशी ९ किलोमीटर. म्हणजे पहिला गिअर, गाडी नुकती हललेली. एरंडोलचा चहा!

दुसऱ्या दिवशी ऑनलाइन ब्लूटूथचं ओबीडी अ‍ॅडॅप्टर मागवलं, ६८० रुपये. ते सॉकेटला लावायचं, मोबाइलवर अ‍ॅप घ्यायचं, आणि गाडी काय म्हणतेय ते दिसतं. जुन्या गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा: आपल्या गाडीचं सॉकेट नव्यासारखंच दिसत असलं तरी प्रत्येक स्वस्त अ‍ॅडॅप्टर तिच्याशी बोलेलच असं नाही. माझं पहिलं अ‍ॅडॅप्टर जोडलंच गेलं नाही, परत पाठवलं, दुसरं चाललं. त्यात आठवडा गेला. जोडलं तरी आमच्या गाडीत आकडे सेकंदाला एखाद-दोन वेळाच बदलतात, त्यामुळे क्षणभराचा बिघाड निसटू शकतो.

कोडची भाषा मी त्या आठवड्यात शिकले. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचं. त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांत सारखा अर्थ असलेला कोड. त्यापुढचा एक म्हणजे हवा-इंधन मोजण्याशी संबंधित. आणि दोन्ही कोडच्या वर्णनात शेवटी एकच गोष्ट होती: सर्किट, व्होल्टेज कमी. 'सेन्सर खराब' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. सेन्सरकडून येणारं व्होल्टेज संगणकाला अपेक्षेपेक्षा कमी दिसलं, एवढंच तो कोड सांगतो. व्होल्टेज का कमी झालं, सेन्सरमुळे, वायरमुळे, वायर जोडणाऱ्या कपलरमुळे की संगणकामुळे, ते त्याला माहीत नसतं. ते शोधावं लागतं.

मी एक वही केली. तारीख, वेळ, जागा, गिअर, एसी, माणसं किती, कोड कोणता, आणि फ्रीज फ्रेमचे आकडे. कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो, कारण कोड पुसला की फ्रीज फ्रेमही पुसली जाते. गोलाणी मार्केटमधून ४२० रुपयांचा मल्टिमीटर आणला. आधी बॅटरी तपासली: गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४.१. टर्मिनल घासून घट्ट केली. दोन्ही सेन्सरांचे कपलर काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. पिना स्वच्छ होत्या, गंज नव्हता. किल्ली ऑन पण इंजिन बंद असताना मॅपचा आकडा ९८ किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेएवढा. इंजिन आयडलला ३५ च्या आसपास. सगळं बरोबर. सेन्सर अगदी बरोबर मोजत होता.

यात एक धडपड अशी झाली की मी मॅपच्या वायरी हातानं हलवून बघत होते, इंजिन चालू असताना. ओढणी पंख्यात जाता जाता राहिली. तेव्हापासून बॉनेट उघडताना ओढणी काढून ठेवते, केस बांधते. कुणीही हे करताना आधी तेवढं करा.

२० मेला पीयूसी काढायला गेले, कारण नोंदणी नूतनीकरणाला ती लागणार. केंद्रात शिरताना चढ होता, झटका बसला, दिवा लागला, आणि तपासणीत कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के आलं. मर्यादा ०.५ टक्के. नापास. कारण कळायला मला दोन दिवस लागले: मॅपवरचा विश्वास उडाला की संगणक अंदाजानं पेट्रोल सोडतो आणि आमच्या गाडीत तो किल्ली बंद करून पुन्हा लावेपर्यंत तसाच चालतो. पेट्रोल जास्त, म्हणून धूर जास्त. तिथल्या एकानं सुचवलं, कोड पुसा, गाडी परत लावा, लगेच पास होईल. होईलही. पण मागे आई बसणार आणि घाटात पुन्हा तेच होणार. मी घरी आले.

वहीत मेअखेर सात नोंदी झाल्या. वेळ वेगळी, ऊन वेगळं, एसी कधी चालू कधी बंद. पण सातही वेळा पहिला किंवा दुसरा गिअर, सातही वेळा गाडी ओढत होती. हायवेवर ऐंशीला एकदाही नाही. उभ्या गाडीत रेस केली तरी नाही. आणि दोन्ही कोड कायम जोडीनं. अ‍ॅपमध्ये दोन्ही आकड्यांचा आलेख एकत्र लावला तेव्हा एकदाच ते सापडलं: दोन्ही रेषा एकाच क्षणी तळाला गेल्या आणि एकाच क्षणी वर आल्या. दोन सेन्सर एकाच वेळी कसे बिघडतील, हे मला पटेना. दोघांत काहीतरी सामाईक असणार एवढं कळत होतं. काय, ते कळत नव्हतं.

मिस्टर शनिवारी आले तेव्हा त्यांना वही दाखवली. त्यांच्या ऑफिसातल्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, अजिंठा चौफुलीकडे एक म्हातारे इलेक्ट्रिशियन आहेत, ट्रकच्या वायरिंगचं काम करतात, त्यांना दाखवा. ७ जूनला सकाळी आम्ही दोघं गेलो. पत्र्याची शेड, बाहेर दोन ट्रक, आत सत्तरीकडे झुकलेले नाना. गाडी बघून त्यांनी यंत्र काढलंच नाही. अहिराणीत विचारलं, "कव्हय बंद पडस?"

अडीच महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला. कोणता कोड, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कधी होतं, हे कोणीच नाही. मी वही पुढे केली. नानांनी चष्मा लावून सातही नोंदी वाचल्या, कोड म्हणजे काय ते मला विचारलं, 'कमी व्होल्टेज' वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मंग दखू."

पुढचं दीड तासाचं काम मी सविस्तर लिहिते, कारण हेच मला आधी कोणी दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मॅप सेन्सरला तीन वायरी. एकीतून संगणक पाच व्होल्ट पाठवतो, एक अर्थिंग, तिसरीतून सेन्सर उत्तर देतो. थ्रॉटल सेन्सरलाही तशाच तीन. नानांनी सांगितलं की ते पाच व्होल्ट संगणकातून एकाच वायरनं निघतात आणि पुढे फाटा फुटून दोन्हीकडे जातात. नळ एक, तोट्या दोन. मुख्य नळ दबला तर दोन्ही तोट्या एकदम आटणार. म्हणून दोन कोड जोडीनं.

त्यांनी मॅपच्या कपलरच्या मागून, पाच व्होल्टच्या वायरच्या बाजूनं, बारीक टाचणी सारली, वायर न सोलता, आणि मल्टिमीटर लावला. ४.९८ व्होल्ट. माझ्या पर्समध्ये टेस्टलॅम्प होता, यूट्यूब बघून घेतलेला. तो त्यांनी बाजूला ठेवायला सांगितला. संगणकाच्या वायरींना दिव्याचा टेस्टर लावायचा नाही, तो जास्त करंट ओढतो आणि संगणकाला धोका होतो. मल्टिमीटरच वापरायचा.

मग चारही चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. मी आत बसले. मिस्टरांना त्यांनी गाडीच्या समोरून बाजूला उभं केलं. पुढे-मागे कोणीही नको, हे दोनदा बजावलं. ब्रेक पूर्ण दाबून पहिला गिअर, क्लच अगदी थोडा सोडायचा, गाडीला ओढायला लावायचं पण हलू द्यायचं नाही, दोन सेकंद, बस. जास्त वेळ केलं तर क्लच जळतो. मी सोडला. बॉनेटखाली इंजिन एका बाजूला कलंडलेलं मला काचेतूनही जाणवलं. नाना ओरडले, "गयं!" मल्टिमीटरवर ०.३.

क्लच दाबला, ४.९८. सोडला, ०.३. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा.

मग रिव्हर्स. त्यात इंजिन उलट्या बाजूला कलंडतं. ४.९८, ढिम्म. पुन्हा पहिला, ०.३.

मी स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. मार्चपासून पहिल्यांदा तो बिघाड आमच्या इच्छेनं आला होता आणि आमच्या इच्छेनं गेला होता. एकदा हवा तेव्हा आणता आला की तो सापडणारच, हे मला त्या क्षणी आतून कळलं.

नानांनी मॅपचा कपलर काढून टाकला आणि पुन्हा तेच करायला सांगितलं. व्होल्ट पडलेच. थ्रॉटलचा काढला. पडलेच. म्हणजे दोन्ही सेन्सर निर्दोष, वायरच कुठेतरी इंजिनाच्या लोखंडाला टेकत होती. त्यांनी एअर फिल्टरचा डबा उतरवला, टॉर्च घेतली आणि वायरींच्या जाड जुडग्यावर बोटं फिरवत मागे मागे गेले. इंजिनाच्या मागच्या अंगाला एक लोखंडी ब्रॅकेट आहे. तिथे जुडगं धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली होती, जुडगं ब्रॅकेटच्या कडेवर विसावलेलं. "दखा ताई, आठे."

टेप घासून गेलेली. तिच्याखाली करडी वायर, आणि वायरवर तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं. ब्रॅकेटची कड तेवढ्याच जागी घासून चकचकीत झालेली. दोन वर्षांपूर्वी क्लचप्लेट बदलताना इंजिनाचा तो भाग मोकळा केला होता. क्लिप तेव्हा तुटली की उन्हानं कडक होऊन आपोआप तुटली, हे सांगता येणार नाही. मार्चमध्येच का सुरू झालं, त्याचं उत्तर शेजारीच होतं: इंजिन जागेवर धरून ठेवणाऱ्या मागच्या माउंटिंगचं रबर फाटलेलं. त्यामुळे इंजिन आधीपेक्षा जास्त कलंडत होतं आणि वायर ब्रॅकेटपर्यंत पोचत होती. पाच माणसं, घाट, पहिला गिअर: ओढ जितकी जास्त तितकं कलंडणं जास्त. मॅप सेन्सर बदलल्यावर बारा दिवस बरं का वाटलं, तेही उलगडलं. बदलताना जुडगं थोडं सरकलं असणार.

उन्हाचा माझा अंदाज अगदीच खोटा नव्हता, असं नाना म्हणाले. तापलं की वायरीवरचं आवरण मऊ होतं आणि लवकर घासतं. पण ऊन हे कारण नव्हतं.

त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढली, घासलेला तुकडा कापला, त्याच जाडीची वायर जोडून सोल्डरिंगचा डाग दिला, वर हीट श्रिंक नळी तापवून बसवली, नुसती टेप गुंडाळली नाही. इंजिनाजवळची टेप उन्हाळ्यात चिकट होऊन सुटते. मग जुडग्यावर जाळीदार स्लीव्ह चढवून ते ब्रॅकेटपासून दूर दोन ठिकाणी बांधलं. मजुरी आणि सामान ९०० रुपये. मी जास्त द्यायला लागले तर घेतले नाहीत. माउंटिंग मात्र लगेच बदला म्हणाले, नाहीतर दुसरी कुठली वायर घासेल. ते ९ जूनला नेहमीच्या गॅरेजमध्ये बदललं, रबर १,६५० आणि मजुरी ४००. त्या भाऊंना मी ब्रॅकेटचे फोटो दाखवले. त्यांनी ते मोबाइलवर मागून घेतले, आणि माझ्या मनात जो थोडा राग होता तो तिथेच संपला.

गाडीवर सगळा मिळून खर्च ७,८४० रुपये झाला. त्यातले बिघाड खरोखर दुरुस्त करायला लागले ते ९०० आणि माउंटिंगचे २,०५०.

कोड आता पुसले, फोटो काढून. १४ जूनला पीयूसी: कार्बन मोनॉक्साइड ०.२, पास, १२५ रुपये.

आरटीओचंही लिहिते, कारण पंधरा वर्षांची गाडी असलेल्या प्रत्येकाला ते करायचं आहे. नूतनीकरणाचा अर्ज म्हणजे नमुना २५. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपेक्षा लवकर तो करता येत नाही. परिवहनच्या पोर्टलवर भरायचा. कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क तेव्हा, २०२५ मध्ये, ५,००० रुपये होतं. २०२२ च्या एप्रिलपासूनचा तो दर, आधी ६०० होता. पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० रुपये जादा, म्हणून मला घाई होती. विमा चालू हवा, पीयूसी हवी. २०१९ च्या एप्रिलच्या आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवायची होती, ती मी २१ मेला नोंदवली आणि ९ जूनला बसली. कारसाठी तेव्हा ७४५ अधिक जीएसटी. प्लेटला मला एकोणीस दिवस लागले, तेव्हा हे काम सगळ्यात आधी करा.

१६ जूनला शाळा उघडली, त्याच रात्री अर्ज भरला. तपासणीची तारीख मिळाली २४ जून, मंगळवार. अर्धी रजा टाकून गेले. चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला छाप कागदावर लागतो. आमचा नंबर चिखल-तेलानं झाकलेला होता, आदल्या दिवशी रॉकेलच्या फडक्यानं पुसून ठेवला होता म्हणून पाच मिनिटांत झालं. शेजारचे गृहस्थ तिथेच भर उन्हात नंबर शोधत घासत होते. त्यांना माझं फडकं दिलं. निरीक्षकांनी चेसिस नंबर जुळवला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर बघितले. गाडी सुरू करायला सांगितली आणि मीटरकडे बघितलं. किल्ली ऑन केल्यावर पिवळा दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. असंच व्हायला हवं. किल्ली ऑन केल्यावरही तो लागत नसेल तर दिवाच काढून टाकलेला असू शकतो, आणि जुनी गाडी विकत घेताना हे नक्की बघावं.

तीन तास लागले, त्यातले अडीच रांगेत. पाण्याची बाटली आणि कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा, बाहेरच्या दुकानात त्या दिवशी लाइट नव्हती.

नवं आरसी बुक, म्हणजे कार्ड, १७ जुलैला पोस्टानं आलं. वैधता २०३० पर्यंत, पाच वर्षं. आईला दाखवलं. तिनं ते देवापाशी ठेवलं, संध्याकाळी मी उचलून पाकिटात घातलं.

२० जुलैला रविवारी तिला पुन्हा संभाजीनगरला न्यायचं होतं. पाऊस होता. फर्दापूरच्या पुढे माझे हात स्टीअरिंगवर घट्ट झाले, मोबाइलवर दोन्ही रेषा लावून ठेवल्या होत्या. पुढे पुन्हा एक ट्रॅक्टर. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. आई मागून म्हणाली, "बाहेर बघ ना जरा, डोंगर कसा हिरवा झालाय." घाट संपल्यावर गाडी कडेला घेऊन वहीत आठवी नोंद केली: अजिंठा घाट, चढ, पहिला गिअर, एसी चालू, माणसं तीन, पाऊस. कोड नाही.